पिवळा ट्रे आणि एमबीएची सीईटी

सुनंदा साळवे. आमच्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनच्या इन-चार्ज. मूळच्या सोयगावच्या. पुढं जे सांगणार आहे ते त्यांच्यामुळं घडलं, म्हणून नाव आधी लिहितो. नाहीतर बोलण्याच्या ओघात मी माझंच कौतुक करत बसेन आणि त्या राहून जातील.

तर कँटीनमधलं टेबल. पहिली शिफ्ट नुकतीच सुटलेली. माझा मोबाईल साळवे मॅडमच्या हातात, आणि त्यावर माझ्या एमबीए प्रवेश परीक्षेच्या पहिल्या मॉक टेस्टचा निकाल. मॉक म्हणजे खऱ्या परीक्षेआधीची सरावाची परीक्षा. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं.

"मडावी, सोडवले किती?"

"ब्याण्णव."

"बरोबर किती?"

"सत्त्याऐंशी."

"मग बाकीचे एकशेआठ कुठं गेले?"

"कोरे सोडले, मॅडम."

"वेळ पुरला नाय?"

"पुरला. वाचले होते बरेचसे. पण खात्री नव्हती."

"चुकलं तर मार्क कापतेत का यात?"

"नाही कापत."

"मग भरले का नाय?"

"मोजलं नव्हतं ना."

मॅडमनी मोबाईल खाली ठेवला आणि चहाचा कप उचलला. बोलणार तरी काय? हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

मी गडचिरोली जिल्ह्यातला. इथून घरी जायचं तर एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो. दहावीला गणितात नापास झालो आणि शाळा सुटली. गावातल्या एकाच्या ओळखीनं वाळूजच्या एमआयडीसीत आलो आणि पॅकिंगला लागलो. पुढं सतरा नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसून, दहावी केली, मग बारावी, मग मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. यात नऊ वर्षं गेली. दशांश चिन्ह मला शाळेत कधी कळलं नाही. मिलिमीटरचेही बारीक भाग मोजणारा मायक्रोमीटर हातात आला तेव्हा कळलं.

आमच्याकडं दुचाकीच्या गिअरबॉक्सचे बुश बनतात. बुश म्हणजे बांगडीएवढ्या घेराचं जाड लोखंडी कडं. मी इन्स्पेक्टर. कडं आतून किती, बाहेरून किती, हे मोजायचं, आकडा रिपोर्टमध्ये लिहायचा आणि खाली सही करायची.

नवा होतो तेव्हा एकदा जेवणाची सुट्टी जवळ आली म्हणून पाच आकडे अंदाजानं लिहिले. वरच्या ओळीत जे होते तसेच खाली. मॅडमनी ते एका नजरेत ओळखलं. अख्खी पेटी माझ्यासमोर उपडी केली आणि म्हणाल्या, "मोज." चारशे नग मोजले. सगळे बरोबर निघाले. मला वाटलं, सुटलो. मॅडम म्हणाल्या, "नग बरा निघाला म्हणून तू बरा निघाला नायस." तेव्हापासून न मोजता एक आकडा लिहिला नाही.

आता त्याच मॅडम सांगत होत्या, अंदाजानं भर.

"इथं कुणाची गाडी बंद पडणार नाय मडावी. भरून टाक."

"जी मॅडम."

म्हणालो खरा. पुढच्या मॉकला पुन्हा नव्याण्णव प्रश्न कोरे. माउसचा बाण पर्यायावर जायचा आणि बोट तिथंच थांबायचं. सहीच्या जागी खोटं लिहितोय असं वाटायचं.

आणि माझ्याकडं वर्ष एकच होतं. घरी मोठ्या भावाशी तसं ठरलं होतं. त्यानं तालुक्याच्या गॅस एजन्सीत माझ्यासाठी जागा बोलून ठेवली होती. काम वाईट नव्हतं. आईलाही मी जवळ पाहिजे होतो. "या वर्षी लागला नंबर तर राहा तिकडं," भाऊ म्हणाला होता, "नाहीतर गपचूप घरी ये." मीही हो म्हणालो होतो. पण मला इथं राहायचं होतं. मला इथलं काम आवडायचं. फक्त कडी मोजत राहण्याऐवजी एक दिवस लाइन चालवावी असं वाटायचं, आणि आमच्याकडं त्या ग्रेडला वरची डिग्री लागते.

तिसरी मॉक झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला टेबलावरून उठवलं आणि ट्रेंपाशी नेलं.

इन्स्पेक्शनच्या टेबलावर तीन ट्रे असतात. हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे होल्ड, संशय आहे, नंतर बघू. नगावर बारीक ओरखडा असतो, डाग असतो. तो मोजता येत नाही. डोळ्यानं ठरवावा लागतो. असा नग हातात धरून विचार करत बसलं तर मागं लाइन तुंबते. म्हणून तो पिवळ्यात टाकायचा आणि पुढचा घ्यायचा.

"पिवळा ट्रे शिफ्ट संपताना कसा असतो?" मॅडमनी विचारलं.

"रिकामा. तसा नियमच आहे."

"कोण रिकामा करतं?"

"तुम्ही."

"मी ओरखडा मोजते का?"

"नाही. बघून ठरवता."

"अंदाज करते का?"

त्याला मोजणं म्हणता येत नव्हतं. अंदाजही म्हणता येत नव्हतं. त्या नग उजेडात धरायच्या, नमुन्याच्या नगाशेजारी ठेवायच्या, नख फिरवायच्या आणि हिरव्यात नाहीतर लाल ट्रेमध्ये टाकायच्या.

"मोजता येतं ते मोजायचंच," मॅडम म्हणाल्या. "त्यात सूट नाय. पण मोजता येत नाय त्याचा निर्णय घ्यावा लागतो. कोरं सोडून घरी जाता येत नाय. त्या परीक्षेच्या हॉलमधी मी नसणार. तिथली साळवे मॅडम तूच."

त्या दिवसापासून शिफ्टची शेवटची पंधरा मिनिटं पिवळा ट्रे माझ्याकडं आला. मी ठरवायचं, मॅडमनी मागून प्रत्येक नग पुन्हा बघायचा. सही त्यांचीच. हातात घड्याळ घेऊन उभ्या राहायच्या.

पहिल्या दिवशी मी बावीसच्या बावीस नग लालमध्ये टाकले. मशीनवर आमचे पठाण मामू असतात, शहरातले जुने ऑपरेटर. ते येऊन ट्रेमध्ये डोकावले.

"क्या रे मडावी, सबच लाल में डालेगा तो हम कल से घर बैठें क्या?"

"मामू, शंका होती."

"शंका तो मेरे कू भी तेरे पे है. फिर भी तेरे कू चाय पिलाता ना मैं?"

मॅडमनी त्या बावीसमधले चौदा काढून हिरव्यात टाकले. प्रत्येक वेळी कारण सांगितलं. हा ओरखडा बाहेरच्या बाजूला आहे, तिथं काही घासत नाही. हा डाग तेलाचा आहे, पुस. हा मात्र आतून आहे, हा खरंच लाल. मला हळूहळू कळलं की संशय सगळा एकसारखा नसतो. नग नीट पाहिला की तो काय नाही हे आधी कळतं, आणि मग उरतं ते थोडंसंच.

मॉकमध्येही तसंच व्हायला लागलं. शहरातल्या औरंगपुऱ्यातून जुनी पुस्तकं आणली होती, त्यांच्या समासात मी तीन खुणा करायला लागलो. येतं ते सोडवायचं. अडलं की पिवळं करून पुढं. शेवटची पंधरा मिनिटं पिवळ्यासाठी राखून ठेवायची. पाच पर्यायांतले दोन-तीन तर नीट पाहिलं की बाद होतात. उरलेल्यांतून एक घ्यायचा आणि पुढं जायचं. पाचव्या मॉकला अकरा कोरे राहिले. सातव्याला एकही नाही.

मॅडमनी निकाल पाहिला. "आता कसं," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी डब्यातली भाकरी अर्धी करून मला दिली आणि मिरचीचा ठेचा अख्खा.

मग ऑडिट आलं.

कस्टमर ऑडिट म्हणजे आमचा माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस येतो आणि तुमचं काम कागदावर आहे तसं चालतं का ते बघतो. त्याची तारीख नेमकी माझ्या परीक्षेच्या दिवशी पडली. आमचे क्वालिटी हेड देशमुख सर. मॅडम मला घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"सर, मडावीला त्या दिवशी सुट्टी लागंल. परीक्षा आहे."

"कसली परीक्षा?"

"एमबीएची सीईटी."

सरांनी मला चष्म्यावरून पाहिलं. "एमबीए होऊन काय, माझ्या खुर्चीत बसणार?"

"नाही सर," मी म्हणालो.

"बसंल की," मॅडम म्हणाल्या. "तोवर तुम्ही शेतावर आंबे मोजत असताल."

सर हसले, पण सुट्टी देईनात. "परीक्षा पुढच्या वर्षी पण येते, मॅडम. रिपोर्टवर सही मडावीची आहे. ऑडिटर म्हणणार, याला मोजून दाखवायला सांगा. मग मी काय दाखवू, हॉल तिकीट?"

पुढच्या वर्षी मी वाळूजमध्ये नसणार, हे सरांना माहीत नव्हतं. मॅडमना ते ठाऊक होतं.

"त्याला मोजणारा माणूस लागतो, मडावीच लागतो असं नाय. मी मोजून दाखवते."

"तुम्ही इन-चार्ज आहात."

"इन-चार्ज झाले म्हणून हात गेले का माझे?"

"काही निघालं तर तुमच्या नावावर जाईल."

"जाऊ द्या. माझं नाव लई दिवस झाले कुठं गेलं नाय."

सरांनी माझ्या सुट्टीच्या अर्जावर सही केली.

परीक्षेच्या दिवशी दोन तास आधीच सेंटरवर पोचलो. तीन वेळा हॉल तिकीट तपासलं. रांगेत माझ्यापुढं कॉलेजची मुलं होती. त्यांच्या बोलण्यात क्लासची नावं, बॅचची नावं. मला एकच बॅच माहीत होती, बुशची. मग वाटलं, आत्ता या वेळी मॅडम माझ्या टेबलाशी उभ्या असतील, माझा मायक्रोमीटर हातात धरून. आता घाबरणं परवडणारं नव्हतं.

पहिलाच प्रश्न गोल टेबलाभोवती बसलेल्या आठ माणसांचा. कोण कुणाच्या डावीकडं, काही कळेना. ती आठही माणसं उचलून पिवळ्यात टाकली आणि पुढं गेलो. टक्केवारीचे, सरासरीचे प्रश्न हाताला येत गेले. इंग्रजीत थोडा अडखळलो. शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा पिवळ्यात सदतीस प्रश्न होते. तळहात पँटला पुसला आणि एकेक उजेडात धरत गेलो. हा नाही, हा नाही, या दोघांतला हा. पुढचा. ती आठ माणसं सगळ्यात शेवटी घेतली. त्यांतल्या तिघांना खुर्च्या सापडल्या, बाकीच्यांना मी बसवलं. घड्याळात वीस सेकंद उरली तेव्हा एकही प्रश्न कोरा नव्हता.

बाहेर येऊन मॅडमना फोन केला.

"ट्रे?" त्यांनी विचारलं.

"रिकामा."

"मग जेव काहीतरी."

"ऑडिट कसं झालं?"

"झालं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

निकालाच्या दिवशी मी लाइनवरच होतो. सत्त्याऐंशी पर्सेंटाइल. म्हणजे बसलेल्या शंभरातले सत्त्याऐंशी माझ्या मागं. मी आकडा दोनदा वाचला, मग मामूंना वाचायला दिला. मामूंनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि मला उचललं. माझं वजन बहात्तर किलो आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून मोठा डबा भरून नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आणला आणि अख्ख्या शिफ्टनं तो खाल्ला. देशमुख सरही आले. केबिनमधली आपली खुर्ची मला लांबून दाखवून म्हणाले, "एक पाय हलतो तिचा, बघून घे."

शहरातल्याच एका कॉलेजला नंबर लागला. सकाळी वर्ग, दुपारी तीनपासून दुसरी शिफ्ट. तीही मॅडमनीच लावून घेतली. भावाला फोन केला.

"मंग एजन्सीवाल्याले काय सांगू?"

"सांग, माझा भाऊ तिकडंच राहिला."

"आईले तूच सांग बाप्पा," तो म्हणाला, पण आवाजात हसू होतं.

ऑडिटचं मला कॉलेज सुरू झाल्यावर महिन्यानं कळलं, तेही नोटीस बोर्डावर लावलेल्या रिपोर्टमधून. आमच्याकडं भिंतीवर एक तक्ता असतो, स्किल मॅट्रिक्स. कोणत्या माणसाला कोणतं काम करायची परवानगी आहे, ते त्यावर लिहिलेलं असतं. मोजायच्या कामापुढं माझं नाव होतं. मॅडमचं नव्हतं. इन-चार्ज झाल्यावर त्यांचं नाव तिथून काढलं होतं आणि ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. ऑडिटरच्या लक्षात आलं. मोजणी एकदम बरोबर, पण मोजणारीला परवानगी नाही. एक चूक नोंदली गेली, सुनंदा साळवे या नावापुढं. एवढ्या वर्षांतली त्यांची पहिली.

मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन नुसता उभा राहिलो.

"काय बघतोस? यादीत नाव नव्हतं, त्यानं लिहिलं. बरोबर केलं त्यानं. मी असते तर मीबी लिहिलं असतं."

"माझ्यामुळं झालं मॅडम."

"तुझ्यामुळं नाय, तक्त्यामुळं. जा, लेक्चर बुडवून आलास का?"

यातून शिकलो ते एवढंच. परीक्षेची तयारी पुस्तकातून निम्मी होते. उरलेली निम्मी, आपल्या जागी कोण उभं राहतंय यावर असते.

मॅडमचा डिप्लोमा झालाय. पुढं डिग्री करायची होती, फॉर्म आणून ठेवला होता. लेक झाली, मग सासूबाईंचं आजारपण, ते राहिलं. एकदा बोलता बोलता सांगून गेल्या आणि लगेच विषय बदलला. त्या विसरल्या असतील, मी नाही. माझी दोन वर्षं संपली की त्यांचा फॉर्म मी भरणार आहे. नको म्हणतील, तरी भरणार. आणि त्यांच्या परीक्षेच्या दिवशी ऑडिट आलं, तर त्यांच्या टेबलाशी मी उभा राहीन. तक्त्यात माझं नाव आधी लिहून.