बिल कमी आलं

माझ्या मावशीचा नवरा नोकरीभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत हिंडला, म्हणून आम्ही भाचरांनी त्यांचं नाव मीटरकाका पाडलं. तोंडावर अर्थात नुसतं काका. नोकरी संपली तरी सवय काही सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी दाराबाहेरच्या मीटरवर नजर टाकायचे आणि मगच चपला काढायचे. चहा यायच्या आत यजमानांना त्यांच्या फ्रिजचे दोष सांगून मोकळे व्हायचे. त्यामुळे त्यांना कुणी दुसऱ्यांदा बोलवत नसे.

त्यांच्या स्वतःच्या घरात तर माणूस खोलीतून बाहेर पडला की दिवा गेलाच पाहिजे, असा कायदा होता. मावशी न्हाणीघरात असतानासुद्धा दिवा जायचा. ती आतून ओरडायची, "अहो, आहे मी अजून!" काका बाहेरून म्हणायचे, "आवाज नव्हता. मला वाटलं, झालं तुझं." आम्ही पोट धरधरून हसायचो आणि मावशीही हसायची. आता ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

मावशीची फुप्फुसं हळूहळू निकामी होत गेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणायला सांगितलं. विजेवर चालणारं, खोलीतलीच हवा ओढून घेऊन नळीतून नाकाला ऑक्सिजन पुरवणारं. "दिवसरात्र लावायचं," डॉक्टरांनी बजावलं. "जेवायला, आंघोळीला काढलंत तर चालेल. एरवी काढलंत तर हृदयावर ताण येईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही." मी सोबत होते. मी ऐकलं, काकांनी ऐकलं आणि मावशीनेही ऐकलं.

मशीन घरी आलं तेव्हा काकांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? ते वीज किती खातं ते लिहिलेली मागची पट्टी. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण खरं सांगायचं तर त्यांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही, उलट चंगच बांधला. मशीन चालणार, तर बाकीचं घर थांबणार! फ्रिज बंद झाला, गीझर बंद झाला, इस्त्री कपाटात गेली. काका स्वतः सकाळीच डबा घेऊन सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायला लागले. तिथला पंखा फुकट, दिवाही फुकट. संध्याकाळी घरी यायचे आणि रात्री पंख्याशिवाय गॅलरीत झोपायचे. "तिच्या वाटची वीज मी माझ्यातून काढतोय," असं मला म्हणाले होते. ऐकून मला भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू?

पहिलं बिल आलं, ते आधीच्यापेक्षाही कमी! काका बिल नाचवत मावशीच्या पलंगाशी गेले. "बघ, एवढं मशीन चालवूनसुद्धा! याला म्हणतात नियोजन." मग तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाबास. तुझीही साथ आहे हो यात." मावशी उशीला टेकून लाजल्यासारखी हसली. त्यांच्या तोंडून तिच्यासाठी शाबास हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पुढची बिलंही तशीच आली. मावशी मात्र खंगत चालली. पाय सुजले, ओठ निळसर पडले, दोन शब्द बोलली की तिसऱ्याला दम लागायचा. डॉक्टर गोळ्या बदलून थकले. "मशीन चालू असतं ना?" दर वेळी विचारायचे. "चालू म्हणजे? दिवसरात्र!" काका ठणकावून सांगायचे. मी कामावरून सुटून संध्याकाळी जायची, तेव्हा मशीन कोपऱ्यात घरघरत असायचंच. मग शंका तरी कशी यावी?

एका रविवारी मशीनची जाळी साफ करायला कंपनीचा माणूस आला. आम्ही सगळे घरातच होतो. तो खाली बसला, मशीनच्या बाजूला एक बारकी काच होती ती फडक्याने पुसली आणि आतले आकडे वाचून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"हे तुम्ही वापरत नाही का?"

"दिवसरात्र चालू असतं," काका म्हणाले.

"नाही हो काका. मशीन किती तास चाललं ते इथे येतं. हे तर दिवसाचे जेमतेम चार तास पडतात."

काका गुडघ्यांवर बसले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी काचेला डोळा लावला. या घरात त्यांनी वाचला नव्हता असा तेवढा एकच मीटर राहिला होता. त्यांनी वाद घातला नाही. आकडा खोटा बोलत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दाराबाहेरचा मीटर ते रोज सकाळी बघत होते. तो आकडा दुसऱ्याच्या घरचा असता तर पहिल्याच आठवड्यात त्यांना संशय आला असता. स्वतःच्या घरी मात्र त्यांना आपली हुशारीच दिसली.

"तू बंद करायचीस?" त्यांनी विचारलं.

मावशी भिंतीकडे बघत होती. "तुम्ही वाचनालयात गेलात की. आणि रात्री... गॅलरीत झोपलात की. तुम्ही परत यायच्या आत लावायची."

"अगं पण का?" मी ओरडलेच.

"खोलीत मी एकटीच तर असते," ती थांबत थांबत म्हणाली. "एकटीसाठी एवढी वीज कशाला... असं वाटलं. मग बिल आलं. किती खूश झाला होतात तुम्ही."

मला काकांची गचांडी धरावीशी वाटली, आणि मग मावशीला गदागदा हलवावंसं वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. कंपनीच्या माणसाने जाळी बसवली आणि तो निघून गेला.

काकांनी मशीनच्या बटणावर चिकटपट्टी गुंडाळली, कुणालाच बंद करता येऊ नये म्हणून. वाचनालय सुटलं. ते दिवसभर पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसायचे, डोक्यावर पंखा चालू, दिवे चालू. मावशी डोळ्यांनी दिव्याकडे खुणावायची. "असू दे गं," ते म्हणायचे. पण हृदय दमलं ते दमलंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, त्यांच्या हातात काही राहिलं नाही. मशीन चालू असतानाच मावशी गेली.

त्यानंतर बिल आलं. ते भरायला मी काकांसोबत गेले. खिडकीतल्या मुलीने बिल पाहिलं, मग संगणकावर मागची बिलं पाहिली.

"आजोबा, हे जवळजवळ दुप्पट आलंय. मीटर वाचणाऱ्याचं चुकलं असेल. तक्रार नोंदवू का?"

"नको," काका म्हणाले. त्यांनी नोटा खिडकीतून आत सरकवल्या, पण हात काही मागे घेतला नाही. "बरोबर वाचलंय त्याने. पहिल्यापासून एवढंच यायला हवं होतं."