नकाशेकाकांची खोली

माझ्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं येतात. एक, ज्यांना काय हवंय ते माहीत नसतं; ती दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारतात आणि 'खरंच जुनं आहे ना हो?' असं विचारून डोकं पिकवतात. दुसरी, ज्यांना काय हवंय ते नको इतकं माहीत असतं. पहिली वेळ खातात, दुसरी जीव खातात. नकाशेकाका दुसऱ्यांतले. आणि त्यांच्याबद्दल सांगायचं तर आधी मलाच माझ्या थोबाडीत एक मारून घ्यायला हवी.

दुकान माझ्या वडिलांनी काढलेलं. पाटीवर 'जुनं ते सोनं' असं त्यांनीच रंगवून घेतलं. सोनं कसलं डोंबलाचं! आत कपाटं, खुर्च्या, दिवे, बंद पडलेली घड्याळं, आणि सगळ्यांत मिळून वाळवी. पण वडिलांनी धंद्याची एक गोष्ट शिकवली ती मी कधी सोडली नाही. वस्तूला सगळं विचारायचं, गिऱ्हाइकाला काही नाही. लाकूड कुठलं, बिजागरी मूळची की बदललेली, पॉलिशचे थर किती, सगळं खोदून बघायचं. माणूस ती का नेतोय, यात नाक खुपसायचं नाही.

एका रविवारी मी शटर अर्धंच वर केलं होतं, तेवढ्यात खालून वाकून एक म्हातारे गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टोक केलेल्या दोन पेन्सिली.

"एक ठोका जास्त देणारं घड्याळ आहे का?"

"काका, बंद पडलेली आहेत, मागे पडणारी आहेत. जास्त ठोके देणारं कुठून आणू?"

"पाच वाजता सहा ठोके द्यायला हवेत," ते अगदी शांतपणे म्हणाले, आणि त्यांनी माझ्या काउंटरवर एक आलेखाचा कागद उलगडला.

पाण्याच्या नळांचे नकाशे काढण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. कागदावर एक खोली होती, दहा बाय बाराची. खाट, उशाशी तिपाई, आरशाचं कपाट, वेताची खुर्ची, रेडिओ, त्यांचं कामाचं टेबल. भिंतीत खिळे कुठे होते तेसुद्धा बारीक टिंबांनी दाखवलेलं. खोलीला लागून एक रिकामा चौकोन होता.

"आणि हे काय?"

"ते स्वयंपाकघर. त्यातलं मला नीटसं आठवत नाही. मी आत फारसा जायचोच नाही."

"वा! खिळ्यांचा पत्ता आहे आणि चुलीचा नाही! जेवण काय त्या चौकोनातून आपोआप यायचं?"

ते हसले, मीही हसले. तेव्हापासून मी त्यांना नकाशेकाका म्हणायला लागले आणि ते मला ताई.

मी काही विचारलं नव्हतं, पण त्यांनीच सांगितलं. काकूंना विसरायला होत होतं. जुनी जागा सोडून ही दोघं मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेली, तेव्हा सामान भंगारवाला घेऊन गेला. त्यानंतर काकूंचं जास्तच बिघडलं. रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्या पिशवी भरायच्या, दाराशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "चला ना, घरी जाऊ या. उशीर होतोय." हेच घर आहे म्हटलं की रडायच्या. दोनदा कोणाला न सांगता जिना उतरून गेल्या. दुसऱ्यांदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध सापडल्या.

"मुलगा वाईट नाही हो," काका म्हणाले. "पण तो आणि सून, दोघं नोकरीवर. म्हणतो, तीन महिने बघू, नाहीतर आईला संस्थेत ठेवू. तिथे दाराला बाहेरून कडी असते, ताई. मी जाऊन बघून आलोय."

मुलाच्या फ्लॅटमधली मागची खोली नेमकी दहा बाय बाराची होती. काकांनी मोजून घेतली होती. त्यात जुनी खोली जशीच्या तशी उभी करायची, म्हणजे काकूंना घर सापडेल आणि त्या पिशवी खाली ठेवतील, असा त्यांचा हिशेब. मला बाई फुकटची हळहळ जमत नाही. पण हिशेब पटला.

मग काय, दर रविवारी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्याबरोबर जुना बाजार पालथा घालायला लागले. चादरी अंथरून बसलेले विक्रेते, गल्लीबोळातली बिळाएवढी दुकानं, काही सोडलं नाही. तशीच वेताची खुर्ची एका शिंप्याच्या बुडाखाली सापडली. तो उठेपर्यंत आम्ही तीन तास ताटकळलो आणि काकांनी तेवढ्यात गरज नसताना दोन पायजमे शिवायला टाकले. कपाट मिळालं, पण आरसा धड होता. काकांनी काचवाल्याला त्याच्या उजव्या कोपऱ्याला तडा पाडायला सांगितलं. काचवाला माझ्याकडे बघून डोक्याशी बोट फिरवायला लागला. "पाड मुकाट्याने," मी त्याच्यावर डाफरले. घड्याळजी तर चिडलाच. जन्मभर लोकांचे ठोके बरोबर करून दिले आणि आता चुकवायला सांगता, म्हणाला. पण दिले चुकवून.

शेवटी एकच गोष्ट उरली. तिपाईवरची घंटी.

"आईची घंटी," काका म्हणाले. "आई शेवटची अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती. हाक मारायला आवाज फुटायचा नाही, म्हणून मीच आणून दिली होती. काय गोड आवाज होता! मी टेबलावर नकाशे काढत बसलेला असायचो. घंटी वाजायची, आत भांडी हलायची, की पाठोपाठ मलाही चहा. ताई, माझ्यासाठी घर म्हणजे तो आवाज."

आता मी बाईमाणूस. मलाही सासू होती. अंथरुणातली सासू, अकरा वर्षं आणि हातात घंटी, याची बेरीज मला यायला नको? पण मी काय विचारलं माहीत आहे? "मूठ लाकडी होती की पितळी?"

लाकडी होती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, हॉटेलांचं जुनं सामान विकणाऱ्या एका दुकानात घंट्यांचं खोकं निघालं. तीस-चाळीस तरी असतील. काका डोळे मिटून एकेक वाजवत राहिले. दुकानदार कानात बोटं घालून बाहेर जाऊन उभा राहिला. अखेर एका घंटीला काकांनी डोळे उघडले आणि त्यांना रडू कोसळलं. "हीच," म्हणाले. "अगदी हीच." मलाही भरून आलं. कधी नव्हे ते मी त्या दुकानदाराशी घासाघीस केली नाही.

"तुम्ही यायलाच हवं," काका म्हणाले, म्हणून दुसऱ्या दिवशी साडेचारला मी त्यांच्या घरी गेले. मागची खोली तयार होती. खरं सांगते, अंगावर काटा आला. नकाशातली रेघ न रेघ उभी होती. टेबलावर त्यांनी टोक केलेल्या पेन्सिलीसुद्धा मांडल्या होत्या. मुलगा कामावरून लवकर आला होता आणि दारात हाताची घडी घालून उभा होता.

काकांनी काकूंना हाताला धरून आणलं. एवढीशी बाई, पिशवी छातीशी धरलेली. त्या उंबऱ्यावर थबकल्या. घड्याळाकडे बघितलं, मग कपाटाकडे. हळूहळू पुढे जाऊन त्यांनी आरशाच्या तड्यावर बोट ठेवलं.

"ओळखलं!" काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. "बघा, ओळखलं तिने!"

ओळखलं होतं, यात शंकाच नाही. पण मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि काकांना पाठ. घर सापडलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. मी तोंड उघडायला हवं होतं.

पाच वाजले. घड्याळाने सहा ठोके दिले. काका तिपाईपाशी गेले, माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले आणि त्यांनी घंटी वाजवली.

काकूंनी पिशवी टाकली. तीन महिने आम्हाला जे हवं होतं ते झालं, पिशवी हातातून सुटली. "आले! आले!" म्हणत त्या धावल्या. ज्या बाईला आत्ताच हाताला धरून आणावं लागलं होतं ती धावली. नकाशात तो रिकामा चौकोन होता, त्या बाजूला धावली. तिथे या फ्लॅटची नुसती भिंत होती. काकू दोन्ही हातांनी भिंत चाचपायला लागल्या.

"आले हो सासूबाई, रागावू नका. आत्ताच टेकले होते. दार... दार कुठे गेलं? आले, आले!"

मुलगा पुढे झाला, पण त्यांनी त्याचा हात झिडकारला. परत वळून त्या खाटेपाशी आल्या. खाट रिकामी होती. तिच्यासमोर मान खाली घालून, दोन्ही हात पोटाशी धरून त्या उभ्या राहिल्या.

"सगळं उरकते," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांचं करून ठेवते. तुमचं पाणी, औषध, सगळं हाताशी ठेवते. पण मला दोन दिवस घरी जाऊ द्या ना. फक्त दोन दिवस. आई वाट बघत असेल."

काका घंटी घेऊन तसेच उभे होते. "अगं," ते म्हणाले, "हेच तर घर आपलं. बघ ना, तुझ्यासाठी सगळं..."

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "अहो, हळू बोला. त्या जाग्या आहेत." आणि मग अगदी कुजबुजत, जणू काही परक्याला पत्ता सांगावा तशा म्हणाल्या, "हे सासर आहे हो. मला घरी जायचंय."

काकांनी घंटीची जीभ मुठीत आवळून धरली. आता मुलाला काही बोलायची गरजच नव्हती.

मी घरी आले आणि जेवले नाही. वाटलं, तीन महिने आम्ही दोघांनी लाकूड, काच, वेत, पितळ सगळ्यांना खोदखोदून विचारलं. काकू रोज एकच शब्द सांगत होत्या, 'घर'. कुठलं घर गं बाई, एवढं एक कोणी विचारलं नाही. आंधळ्याने वाट दाखवायची आणि दुसऱ्या आंधळ्याने धावायचं, तशातली गत.

पुढच्या आठवड्यात काकूंना संस्थेत नेलं. आता त्या पिशवी भरत नाहीत. तिथे पिशवी ठेवू देत नाहीत.

मला वाटलं, काका आता माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. चढले तर सगळं सामान परत घ्या म्हणतील, आणि मी मुकाट्याने घेणार होते. पण रविवारी शटर वर केलं तर हे बाहेर उभे. शर्टाला इस्त्री नव्हती. आत येऊन त्यांनी काउंटरवर नवा कागद उलगडला. त्यावर एक मोठा चौकोन होता, चौकोनाला दार, आणि दारापासून थोड्या अंतरावर एक खुर्ची. बाकी कागद कोरा.

"हे काय, काका?"

"तिचं घर. माहेर." त्यांनी पेन्सिल काढली. "लग्नानंतर पाच-सहा वेळा गेलो असेन मी. दारातून आत गेलं की ही खुर्ची. तिच्यावर मला बसवायचे. चहा यायचा, मी प्यायचो, आणि आम्ही निघायचो. ती नेहमी म्हणायची, अजून थोडा वेळ थांबू या. आई एकटी आहे ना घरी, म्हणून मी थांबायचो नाही."

"काकूंना विचारलंत? आणखी काय होतं तिथे?"

"रोज जाऊन विचारतो. भिंतीचा रंग कुठला होता, खिडकी कुठे होती. ती नुसती हसते, ताई. पाहुण्याकडे बघून हसावं तशी." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "ते घर आता दुसऱ्याच कुणाचं आहे, तिच्या माणसांतलं तिथे कोणी उरलेलं नाही. तुम्ही इतक्या जुन्या घरांतलं सामान बघितलंय. अशा घरात काय काय असतं? तुम्ही सांगाल ते मी शोधतो."

काय सांगणार होते मी, कपाळ? काहीतरी बोलायला हवं म्हणून धंद्याची सवय तोंडातून बाहेर पडली.

"ती खुर्ची कशी होती? वेताची, की लाकडी?"

काकांनी पेन्सिल कागदावर टेकवली. डोळे मिटले. मी वाट बघत राहिले. रस्त्यावर कोणीतरी भांडत होतं, ते भांडण संपलं तरी काकांचे डोळे मिटलेलेच होते.

"मी तिच्यावर बसलो होतो, ताई," ते म्हणाले. "मी बघितलीच नाही."