खांद्याच्या मापाची पिशवी

चौथा तास चालू होता. सातवी ‘ब’वर मी नेहमीप्रमाणे खेकसत होते, आणि शिपाई दारात येऊन म्हणाला, “मॅडम, मोठ्या सरांनी बोलावलंय. निरवांगीहून फोन आहे.” गावाकडून शाळेत फोन येतो तो चांगल्या कामासाठी नाही, एवढं आता या वयात कळतं. तरी जिन्यावरून जाताना मी मनाला बजावत होते की म्हाताऱ्या सासऱ्यांचं काहीतरी असेल. पलीकडून पुतण्याचा आवाज आला, “काकी... आई गेली.” मी म्हटलं, “कुणाची आई?” असं विचारलं मी, खरंच! माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या सगळ्यांच्या अक्का, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली बाई. सकाळी शिवणयंत्रावर बसल्या, छातीत कळ आली म्हणाल्या, पाणी मागितलं, आणि सून पाणी घेऊन येईपर्यंत संपलं. सुईखाली कापड तसंच होतं. त्याला आता पाच आठवडे झाले.

अक्का काही मोठ्या शिवणकाम करणाऱ्या नव्हत्या, हे आधीच सांगते, नाहीतर माणूस गेल्यावर त्याचं सगळंच थोर होऊन बसतं. लग्नाआधी कधीतरी त्या शिवणवर्गाला गेल्या होत्या, तेही आठच दिवस. झंपरच्या बाह्या लावायची वेळ आली तेव्हा बाईंशी भांडून घरी आल्या. “मला शिवण येत न्हाय गं,” त्या म्हणायच्या, “मला सरळ जाता येतं. वळणं घ्यायची असली तर बारामतीला हमीदचाचाकडं जा.” बाजारपेठेतल्या बोळात हमीदचाचांचं शिंप्याचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी अक्का तिथं जायच्या आणि चाचा गल्ल्याखालून कात्रणांचं बोचकं काढून ठेवायचे. “अक्का, यावेळी सुटाचं कापड हाय बघा, जपून वापरा,” असं सांगायचे, जणू काही सोनंच देतायत. त्या चिंध्यांतून सरळ शिलाईत जे जे होईल ते अक्का करायच्या. शेजारच्या तात्यांना पान-सुपारीची चंची, दिरांना जेवणाच्या डब्याची पिशवी, कुणाच्या रेडिओला झबलं, कुणाच्या चष्म्याला खोळ. विकलं एकही नाही. आणि मागितलं तर द्यायच्या नाहीत. म्हणजे मागायची वेळच येऊ द्यायच्या नाहीत. तुमच्या हातात काय फाटलंय, काय लोंबतंय, हे त्या आल्या आल्या बघून ठेवायच्या, आणि पुढच्या खेपेला ते शिवून समोर ठेवायच्या.

पिशवीच्या बाबतीत मात्र त्यांचा एक हट्ट होता. पट्टा माणसाच्या मापाचा पाहिजे. टेप वगैरे नाही. तुम्हाला भिंतीला उभं करायचं, हात सरळ सोडायला लावायचा आणि खांद्यापासून मनगटापर्यंत आपल्या वितीनं मोजत यायचं. पिशवीचं तोंड बरोबर मनगटाशी आलं पाहिजे, म्हणजे हात न वाकवता आत जातो आणि बसमध्ये गर्दीत ती खिसेकापूच्या बापालाही दाद देत नाही, असं त्यांचं शास्त्र. त्यामुळे अक्कांची पिशवी दुसऱ्याला कधी नीट बसायची नाही. नवऱ्याची बायकोला लांब व्हायची, आईची लेकीला आखूड.

एक्क्याण्णव सालच्या जूनमध्ये मला बारामतीच्या एका शाळेत नोकरी लागली. आमच्या घरात पगारावर जाणारी पहिली बाई मी. सासऱ्यांनी बाबासाहेबांच्या फोटोपुढं माझं नेमणुकीचं पत्र ठेवलं आणि साऱ्या आळीत पेढे वाटले. अक्कांनी मला भिंतीला उभं केलं. त्या माझ्या खांद्याएवढ्या. वीत लावायला त्यांना पाटावर चढावं लागलं. “बया बया, उंटीण आणलीया धाकल्यानं!” त्या ओरडल्या. “निम्मी प्यांट पट्ट्यालाच जायाची!” थोरले दीर एसटीत ड्रायव्हर, त्यांच्या जुन्या खाकी पँटीची ती पिशवी. कडेला निळ्या कापडाची पट्टी, आत वह्यांसाठी एक कप्पा, खडूसाठी एक लहान. कापड असं दणकट की त्यातून दगड वाहिले असते. खांद्याला अडकवून मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि अक्का उंबऱ्यात बसून बघत राहिल्या. मास्तरीणबाई, मास्तरीणबाई, म्हणून त्यांनी दिवसभर मला नुसतं पिडलं.

आणि मग तो पहिला दिवस. शिक्षकांच्या खोलीत मी नवी कोरी साडी नेसून, खांद्याला ती खाकी पिशवी लावून शिरले. एक ज्येष्ठ बाई होत्या, आता निवृत्त झाल्या, मनाच्या वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, “काय हो मॅडम, टपाल वाटायला निघालात का?” सगळे हसले. आता मी मुळातच तोंडाळ. एरवी उत्तर दिल्याशिवाय मला घास गिळत नाही. पण त्या दिवशी माझं तोंड शिवल्यासारखं झालं. कोणत्या गावाची, कोणत्या वस्तीतली, नेसायला-ल्यायला काय होतं, हे सगळं त्या पिशवीवर लिहिलंय आणि हे लोक ते वाचतायत, असं मला वाटलं. मी म्हटलं, “अहो, घरातली कुणाची तरी आहे. गडबडीत उचलली.”

घरातली कुणाची तरी... हे मी बोलले. आज लिहितानाही कान गरम होतात.

पहिला पगार झाला तशी मी रेक्झिनची काळी पर्स घेतली, सोनेरी चाप असलेली. खाकी पिशवी खुंटीला लागली. श्रावणात एकदा ती घेऊन मी एसटी स्टँडवर गेले. तिथं एक पेरूवाली मावशी बसायची. तिच्या वजनमापांची थैली फाटली होती. मी तिला ती पिशवी देऊन टाकली. वर मनाशी म्हटलं, गरिबाच्या कामाला आली, चांगलंच झालं. माणूस स्वतःला काय काय पटवतो! खरं एवढंच होतं की मला ती नजरेसमोर नको होती.

पुढच्या बाजारच्या दिवशी अक्का आमच्या बारामतीच्या खोलीवर आल्या. मी दार उघडलं आणि जागच्या जागी थिजले. त्यांच्या खांद्यावर ती पिशवी होती. पट्टा त्यांना गुडघ्यापर्यंत आला असता, म्हणून खांद्याजवळ एक मोठी गाठ मारलेली. “सरक की, दारातच हुबी राहशील?” म्हणत त्या आत आल्या, पिशवी उघडली आणि परातीत पेरू ओतले. “खा. लई ग्वाड हायत. स्टँडवरल्या मावशीकडचं.” मग चटईवर पाय पसरून बसल्या. “मावशी माझ्याच उंचीची हाय बघ. माझी पिशवी तिला दिली, बरूबर बसली.” एवढंच. आवाजात राग नाही, टोमणा नाही. मी चहा करायला आत पळाले आणि घाबऱ्या घाबऱ्या साखर दोनदा टाकली. अक्कांनी घोट घेतला आणि म्हणाल्या, “आज सगळंच ग्वाड हाय तुझ्याकडं.”

तेव्हाच पाय धरले असते तर संपलं असतं. धरले नाहीत. उद्या बोलू, सुट्टीत बोलू, असं करत आठ वर्षं गेली. त्या आठ वर्षांत अक्का कुठंही निघाल्या की खांद्याला तीच पिशवी, तीच गाठ. इंदापूरला दवाखान्यात, शेळगावला लग्नाला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला. लोक म्हणायचे, अक्का, सगळ्यांना मापाची शिवताय आणि स्वतः गाठ मारून हिंडताय! त्या नुसत्या हसायच्या. बाकी माझ्यावर माया तशीच. माझ्या बाळंतपणात दीड महिना राहिल्या. उशांचे अभ्रे, डब्याचे रुमाल, लेकीची दुपटी, काय काय शिवून दिलं. पण पिशवी नाही. घरात, भावकीत, शेजारात, अगदी हमीदचाचांच्या बायकोलासुद्धा अक्कांची पिशवी होती. मला तेवढी नाही. माझी लेक शाळेत जायला लागली तेव्हा तिला माझ्याच जुन्या साडीचं अस्तर लावून सुरेख दप्तर शिवलं. पोरगी भोचक, माझ्यावर गेलेली. तिनं विचारलं, “मोठी आई, आणि माझ्या आईला गं?” अक्का दोरा दातानं तोडत म्हणाल्या, “आईला हाय की.” मला वाटलं, माझ्या काळ्या पर्सवर बोलल्या. मी फुरंगटून बसले. आपली चूक असली की माणसाला राग लवकर येतो, निदान मला तरी येतो.

शेवटची भेट यंदाच्या मे महिन्यातली. मी निरवांगीला होते. अक्का बाजाराला निघाल्या होत्या, चपला घालत होत्या. मला म्हणाल्या, “तेवढी पिशवी दे गं खुंटीवरची.” मी काढली. आठ वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या हातात आली होती. खाकी रंग उडून मातकट झालेला, पण शिवण एकही उसवलेली नाही. मी ती धरून तशीच उभी राहिले. शब्द अगदी ओठांवर आले होते. अक्कांच्या चपला घालून झाल्या तरी त्या निघाल्या नाहीत. दारात थांबल्या, माझ्याकडं बघत. “काय गं?” म्हणाल्या. मी म्हटलं, “काही नाही अक्का. जपून जा, ऊन आहे.” त्यांनी पिशवी घेतली, गाठ खांद्यावर नीट बसवली. “बरं,” म्हणाल्या आणि गेल्या. ते ‘बरं’ माझ्या कानातून जात नाही. एवढा वेळ त्या कशासाठी थांबल्या होत्या, ते मला त्या दिवशी कळलं असतं तर!

पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरून गेलं होतं. डाळजहून, भिगवणहून, कुठून कुठून लोक आले. हमीदचाचा आले, कोपऱ्यात बसून डोळे पुसत राहिले. वंदना झाली, लोक दोन दोन शब्द बोलले. मी शाळेत तीस वेळा भाषणं केलेली बाई, मला तिथं एक वाक्य बोलता आलं नाही. पडवीतल्या बाजेवर आलेल्या बायकांनी आपापल्या पिशव्या ठेवल्या होत्या. सुटाच्या कापडाच्या, पडद्याच्या, चादरीच्या, सगळ्या सरळ शिलाईच्या. त्यांच्यात माझी काळी पर्स. मी ती उचलून मांडीखाली लपवली.

लोक पांगल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. अक्कांची सून सुजाता भांडी विसळत होती. खुंटीवर ती पिशवी होती, गाठीसकट. या खेपेला मी थांबले नाही. म्हटलं, “सुजाता, ती पिशवी... ती माझी आहे गं. मी ती देऊन टाकली होती. अक्कांनी परत आणली. मला देशील का?”

सुजातानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. हात पदराला पुसले. आणि तिला रडूच फुटलं. “काकी, आत्या सांगायच्या... म्हणायच्या, ही पिशवी तुज्या काकीची हाय, मी नुसती संबाळतीय. आज ना उद्या मागंल ती. मागितल्याबिगर द्यायची न्हाय, तिला वाटंल मी तोंडावर फेकली. पर मागितली की लगेच द्यायची, तिला थांबवायचं न्हाय.” तिनं पिशवी काढली आणि आतलं सामान रिकामं करू लागली. मिश्रीची डबी, कात्रणांची गुंडाळी, एसटीची जुनी तिकिटं. आम्ही दोघी तिथंच, ओल्या फरशीवर बसून मनसोक्त रडलो. साऱ्या जगाला न मागता देणारी बाई, माझ्याकडून मात्र तिला एकदा मागणं ऐकायचं होतं. आणि मी ते आठ वर्षं माझ्यापाशी दाबून ठेवलं.

गाठ काही केल्या सुटेना. आठ वर्षांचा घाम, धूळ, पाऊस त्यात बसलेला. सुजाता म्हणाली, कापू का? मी म्हटलं, खबरदार. दाभण घेऊन, दात लावून, दोघींनी मिळून ती सोडवली. पट्टा खांद्यावर घेतला, हात सरळ सोडला. पिशवीचं तोंड बरोबर मनगटाशी आलं.

आता मी रोज शाळेत तीच नेते. गाठीच्या जागी पट्ट्याला एक चुणी पडलीय, ती इस्त्रीनंही जात नाही. तिथं कापडाचा रंग मूळचा राहिलाय, नव्यासारखा खाकी. गेल्या आठवड्यात एक नवी शिक्षिका आली आहे, पोरगेलीशी, हसरी. तिनं पिशवीकडं बोट करून विचारलं, “मॅडम, ही कुठून घेतली?” शिक्षकांच्या खोलीत सगळे होते. मी खडू काढायला आत हात घातला होता, तो तसाच ठेवला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “माझ्या थोरल्या जाऊबाईंनी शिवली. माझ्या मापानं.”