अकराची शाळा

लहानपणी म्युनिसिपालिटीच्या शाळेनं पटावरून माझं नाव कमी केलं, कारण मी रोज उशिरा जायचो. शहापुरात विणकराच्या पोरांनी सकाळी कांड्यांवर सूत भरून दिलं नाही, तर बापाचा माग अडून राहतो. उशीर का होतो, हे गुरुजींनी कधी विचारलंच नाही. तो राग माझ्या पोटात अजून आहे.

पुढं दारोदार लुगडी विकून मी स्वतःचं दुकान थाटलं. माझी मुलगी शाळेच्या वयाची झाली, त्याच वर्षी शाळा कमिटीचे अध्यक्ष गल्लीत आले.

"सकाळी निम्मी पोरं येत नाहीत. ही शाळा बंद करणार," म्हणाले.

माझं डोकं फिरलं. पण बाजार अंगात मुरलेला.

"बंद कसली करताय, रावसाहेब? नवी इमारत द्या, आणखी एक मास्तर द्या. रविवारची सुट्टी आहेच, वर आमचे माग बंद असतात त्या अमावास्येलाही सुट्टी द्या. अन् शाळा अकराला भरवा!"

"आप्पा, लुगडी विकताय काय इथं?"

"व्हय. पटत न्हाय तर तुमचं बोला."

मी इमारत सोडली, मास्तर सोडला. दुपारपर्यंत भांडून, कुरकुरत अमावास्याही सोडली. उरली अकराची वेळ. ती त्यांनी जिंकल्याच्या थाटात देऊन टाकली. मला पहिल्यापासून तेवढीच हवी होती.

पहिल्या दिवशी घंटा झाली तेव्हा घरोघर कांड्या भरून झाल्या होत्या. केसांत सुताचे तंतू घेऊन गल्लीतली पोरं पळत सुटली. माझी मुलगी सगळ्यांच्या पुढं होती. उशीर कुणालाच झाला नव्हता.