मुनिराबाईंचा स्कॉलरशिपचा वर्ग

…तर बाई काही केल्या बसेनात. काल चहा गार होईस्तोवर सांगत होतो ना तुम्हाला, ते तिथंच राहिलं. शाळेच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत बाईंच्या येरझाऱ्या, बोटात स्कुटीची किल्ली गरागरा फिरतेय, आणि समोर पटांगणात हीऽ गर्दी! नव्या कंपासपेट्या, नवी गाईडं, तेल लावून भांग पाडलेली पोरं आणि पदर खोचलेल्या त्यांच्या आया. मे महिन्यात आमच्या अंथुर्ण्याची पोरं खरं तर मामाच्या गावाला पांगलेली असतात. त्या दिवशी काहींना चक्क मामाकडून परत बोलावून घेतलं होतं. ही गर्दी आली कुठून, ते कळायचं तर आधी बाई कळल्या पाहिजेत.

मुनिराबाई आमच्याच गावची लेक. वडील आठवडे बाजारात बांगड्या घेऊन बसायचे. लग्न होऊन ती बारामतीला गेली. नवरा अमजद, त्याचं वेल्डिंगचं दुकान. मुलगा एकच, सद्दाम. बोलायला पोपट, पण पुस्तक उघडलं की घामाघूम. मास्तर म्हणाले आळशी आहे, पाहुणे म्हणाले नजर लागली. नववीत त्यानं दप्तर कालव्यात टाकलं आणि बापाच्या दुकानात जाऊन उभा राहिला. तेव्हापासून बाईंच्या पायाला जी भिंगरी लागली ती लागलीच. असं का होतं हे विचारत पुण्यापर्यंत जाऊन आल्या, चाळिशीत कोर्स केला, आणि अशा मुलांना शिकवायची नोकरी धरली. सुट्टीतही घरी बसवेना, म्हणून माहेरी उन्हाळी वर्ग काढला.

माझा नातू सुयोग त्याच वर्गात. त्याला खाली बसवलं की मुंगी चावल्यासारखा उठतो. बाई म्हणाल्या, "मग उभ्यानं शिक की! मी तरी कुठं बसते?" तिथं अक्षरं पायाच्या अंगठ्यानं मातीत काढायची, गूळ-शेंगदाणे तोलून गणित करायचं, आणि कुणी वाचताना अडखळलं तर हसायचं नाही, एवढा एकच कायदा. मी आपला नातवाला सोडायला जायचो आणि दुपारपर्यंत तिथंच रमायचो. आमच्या वेळच्या शाळेत छडीशिवाय दुसरं काय होतं हो!

त्याच वर्गात छकुली. आमच्या शेजारच्या ठमाबाईची नात, पाचवीत जाणार. पोर बोलण्यात हुशार, पण अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं थयथय नाचायची. सुरुवातीला तर ती दाराची चौकट धरून उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही. मग एके दिवशी आत आली आणि एक अख्खी ओळ मोठ्यानं वाचली. बाई इतक्या हरखल्या, की स्कुटी चालू करायचं विसरून ढकलतच फाटकापर्यंत गेल्या.

पण ठमाबाईला गावाची धास्ती. कुणी विचारलं, "छकुली रोज कुठं जाती गं?" की ही मान वर करून सांगायची, "स्कॉलरशिपच्या क्लासला! बारामतीची बाई येती. निवडक पोरंच घेती!"

झालं. निवडक म्हटल्यावर आमचं गाव मागं राहतंय होय?

तर त्या सकाळी ती सगळी निवडक पोरं वर्गात घुसून पुढं बसली. एकानं फळ्यावरचं घडाघडा वाचून दाखवलं आणि सुयोगकडं बघून फिस्सकन हसला. छकुली उठली ती थेट पाण्याच्या टाकीमागं. बाईंनी सगळ्यांना बाहेर पटांगणात काढलं, आणि व्हरांड्यात त्या येरझाऱ्या सुरू झाल्या. तेवढ्यात ठमाबाईनं त्यांना कोपऱ्यात गाठलं. मी खांबाआड होतो. म्हणजे, सावलीला.

"मुनिरा, ह्यान्ला खरं सांगू नगंस. वाचता येत न्हाय असं नाव लागलं तर पोरीला जन्माचं लागंल. सांगितलंस तर आत्ताच तिला घरी न्हेते, परत धाडायची न्हाय."

"आन् न्हाय सांगितलं तर, मावशी? ही पोरं म्होरं बसल्यावर छकुली परत तोंड उघडंल व्हय?"

"ते मला काय म्हाईत? शिकलेली तू हायस!"

इकडं पटांगणातून सरुबाई ओरडली. तिची जीभ म्हणजे कोयता. "ओ बाई, सुरू करा की! का आमच्या पोरांचा नंबर लागंल म्हणून थांबलाय?"

आया हसल्या. मी मात्र टाकीकडं बघत होतो. एकदा चंबूगवाळं आवरून घरी गेलेली पोर परत येत नसते, आणि हे बाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या पायरीवर आल्या. किल्ली मुठीत आवळली. तोंड उघडलं. आणि टाकीमागून आवाज आला.

"स्कॉलरशिपचा न्हाय ह्यो क्लास!" छकुली पुढं आली. कान लालबुंद. "वाचाय येत न्हाय त्यांचा हाय. मला येत न्हाय म्हणून मी येती."

"गप गं कार्टे!" ठमाबाई धावली.

"आजे, माझ्या शाळंत समद्यांना म्हाईत हाय. रोज हसत्यात. तू कुणापासनं लपवती?"

असं म्हणून ती आजीकडं न बघता सरळ वर्गात जाऊन बसली. ठमाबाई पदर तोंडाला लावून पायरीवर टेकली. तिला उठून आत जाववेना, की पोरीला ओढून नेववेना. आया पुटपुटत पांगल्या. "उगंच पोराला मामाकडनं आणलं!" सरुबाई तेवढी रेंगाळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली.

"बाई, आमच्या थोरल्याचं बी असंच हाय वो. त्याला आणू का? पर मागच्या दारानं."

"दार एकच हाय, सरुबाई. म्होरलंच."

दुपारी बाई निघाल्या तेव्हा मला राहवेना. स्कुटीला आडवा जाऊन विचारलं, "बाई, छकुली बोलली नसती तर तुमी काय सांगणार होता?"

बाईंनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाल्या, "तात्या, मी खोटंच बोलणार होते. स्कॉलरशिपचाच हाय, बसा समदी, असं म्हणणार होते. सद्दामसारखी ही बी हातातनं जाईल, ह्या भ्यानं. आता सरा बाजूला, मला बारामती गाठायचीय."