वारेचा पडदा आणि मोठ्या आईचा पाय

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी वर्ध्याजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत जात होते. घरी कोणी विचारलं तर "जखमांवर काम आहे" एवढंच सांगायची. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माझ्या शिक्षणाबद्दल फार खोलात कोणी विचारत नसे, आणि मला ते सोयीचं वाटे.

खरं काम सांगायला अवघड होतं. बाळ जन्मल्यावर जी वार पडते, तिच्या आतल्या अंगाला एक पडदा असतो. दुधावरच्या सायीहून पातळ आणि आरपार दिसणारा. पोटात बाळ त्याच पडद्यात असतं. तो सोलून वेगळा करायचा, पुन्हा पुन्हा धुवायचा, निर्जंतुक करून वाळवायचा आणि महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमेवर लावून बघायचा, असं ते संशोधन होतं. वार देणार का, हे आईला बाळंतपणाआधीच विचारलेलं असे, तिच्या रक्ताच्या तपासण्याही झालेल्या असत. लावायचं काम सर्जनचं. सोलायचं आणि धुवायचं काम माझं. पहिले काही पडदे माझ्या हातून फाटले. मग हळूहळू जमू लागलं.

त्याच सुमारास मोठ्या आईचा पाय आमच्या हॉस्पिटलात आला. मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. अल्लीपूरकडे आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. जन्मभर वाफ्यात उभं राहून तिच्या पायाच्या शिरा फुगल्या आणि घोट्याच्या वर जखम झाली. शिरेचं ऑपरेशन चांगलं झालं, पण जखम काही भरेना. बाजारात ती पाय लुगड्याखाली झाकून बसायची. वास आला तर गिऱ्हाईक पालक घेणार नाही, या भीतीनं शेवटी तिनं बाजारात बसणंच सोडलं. घरात कोणाशी बोलली नाही, पण मला एकदा विचारलं होतं, "कापतीन का व पाय?" मी नाही म्हटलं. पण मला तरी काय ठाऊक होतं?

सर्जननी जखम तपासली आणि म्हणाले, ही आपल्या अभ्यासात बसते. मांडीची कातडी काढून लावायचा दुसरा मार्ग होता, पण जखमेचा तळ इतका खराब होता की ती धरेल याची त्यांना खात्री नव्हती. आधी पडदा लावून तळ सुधारतो का ते बघू, असं ठरलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मला बजावलं, "तुमच्या नात्यातल्या आहेत ना, मग त्यांच्या जखमेचं माप तुम्ही घ्यायचं नाही. ड्रेसिंगच्या वेळी आतही थांबायचं नाही."

डॉक्टरांनी मोठ्या आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं प्रत्येक वाक्याला मान डोलवली. संमतीच्या कागदावर सही मात्र केली नाही. "चहा घिऊन येतो," म्हणाली आणि मला घेऊन बाहेर टपरीवर आली.

"डॉक्टर पडदा पडदा म्हणून राह्यले होते. कायचा पडदा व थो?"

"तुले सांगितलं ना त्यायनं."

"सांगितलं. पन डॉक्टरसमोर मान नाई डोलवाव त का कराव?"

सांगितलं तर ती नाही म्हणेल, असं मला पक्कं वाटत होतं. आमच्याकडे वारेला हात लावला की आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवत नाहीत. न सांगता सही घ्यावी, हेही मनाला पटेना. मग मी एकदाचं सांगून टाकलं.

"वारेचा, मोठ्याई. बाळंतिनीच्या वारेचा."

ती चिडली नाही, तोंडही वाकडं केलं नाही. बशीत ओतलेला चहा पिऊन झाला, बशी खाली ठेवली आणि तिनं विचारलं, "अन् पडदा काढल्यावर बाकीची वार कुठी पुरता?"

मी इतके पडदे सोलले होते. उरलेली वार पिवळ्या पिशवीत टाकत होते. सफाई कामगार पिशवी घेऊन जात. पुढे काय, ते मी कधी विचारलंच नव्हतं.

"तुई वार म्याच पुरली. न्हानीजवळ, कमरेइतका खड्डा करून. वरून तुया बापानं गोटा ठेवला. कुत्र्यानं उकरली त लेकराले लागते. कोनाच्या लेकराची वार कुत्र्यानं नेली अन् त्याच्यावर माया पाय दुरुस्त झाला, असं मले नाई पाह्यजे."

"तसं काई होत नाई, मोठ्याई."

"होते का नाई होते ते तुया पुस्तकात पाह्यजो. वार कुठी जाते थे पाहून ये. तवरिक सही नाई."

मी प्रयोगशाळेत परत आले. मॅडमना हे कसं विचारायचं? त्या हसतील, किंवा म्हणतील की नातेवाईकाला नीट समजावता येत नाही. बराच वेळ मी नुसतीच भांडी धुतली. शेवटी विचारलं. मॅडम हसल्या हे खरं, पण लगेच थांबल्या. "मलाही फक्त पिशवीपर्यंतच ठाऊक आहे," म्हणाल्या. "चला, बघून येऊ."

बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टर आम्हाला इमारतीच्या मागे घेऊन गेल्या. भिंतीच्या आत, कुलूपबंद दारामागे एक खोल खड्डा होता; वॉर्डातली आणि आमच्या पिशवीतलीही वार तिथंच येई. वर लोखंडी जाळीचं झाकण. आत टाकलं की वर चुना, चुन्यावर माती. जनावरं उकरतात म्हणूनच ही जाळी, असं सिस्टर म्हणाल्या. मी मोबाईलवर फोटो काढले.

मोठी आई ओपीडीच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. तिनं मोबाईल हातभर लांब धरला.

"कुलूप हाय?"

"हाय."

"कुत्रं?"

"भिंत हाय ना."

"मांजर?"

"जाळी हाय, मोठ्याई."

"घूस?"

"आता घुशीले मी काय करू?"

ती हसली. शेजारी बसलेल्या बाईला फोटो दाखवून म्हणाली, "पाहा बाई, आमच्या न्हानीपेक्षा बंदोबस्त हाय." आणि आत जाऊन सही करून आली.

पडदा लावला त्या दिवशी मी व्हरांड्यात उभी होते. नंतरच्या फेऱ्यांनाही तिथंच. पहिल्यांदा पट्टी उघडली तेव्हा आतून सर्जनचं फक्त "हं" एवढंच ऐकू आलं, आणि त्या "हं"चा अर्थ लावत मी घरापर्यंत गेले. पुढच्या खेपेला दुसरा पडदा लावला. वास कमी झाल्याचं मोठी आई सांगायची. मी मात्र विश्वास ठेवायला घाबरत होते. आमच्याच अभ्यासातल्या, जाम गावच्या एका मिस्त्रीच्या पायावर पडद्याचा काही उपयोग झाला नव्हता, हे मला माहीत होतं.

तळ लाल झाला, कडा आत सरकू लागल्या, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं. मांडीची कातडी काढायची गरज राहिली नाही. मग थंडीतल्या एका फेरीला निवासी डॉक्टर दार उघडून बाहेर आले. जखमेवर ठेवून तिची कड आखायचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद त्यांच्या हातात होता. कोरा.

"या आत," ते म्हणाले. "आज माप घ्यायला जखमच राहिली नाही."

घोट्याच्या वर गुलाबी, चकचकीत, कोवळी कातडी होती. मी डॉक्टरांच्याच स्टुलावर बसले. कोणी उठवलं नाही. ही कातडी जपावी लागेल, घट्ट मोजे घालावे लागतील, असं डॉक्टर सांगत होते. या वेळी मोठी आई मान डोलवत नव्हती. "वर्ध्याच्या उन्हाळ्यात मोजे? सायब, तुमी घालून दाखवा अगुदर!" ती भांडत होती, आणि मला ते ऐकून इतकं हलकं वाटत होतं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. मोठी आई कडेच्या सीटवर पाय मधल्या वाटेत सोडून बसली होती. कंडक्टर तिकिटं देत देत आला.

"आजी, पाय आत घ्या. कोनी तुडवन."

"हळू जाजो बापू," ती म्हणाली. "नवा हाय थो."

कंडक्टरनं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तिकिटाचं मशीन छातीशी धरून, आडवा होऊन, तिच्या पायावरून अलगद पलीकडे गेला.