ओढ्यापलीकडची रेघ

बोरीबंदरला उतरले तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात पत्र्याच्या नळकांड्यात घातलेला आपल्या गावाचा नकाशा. मुलींच्या शाळेतली मी मास्तरीण. नगरपालिकेत निवडून आले आणि लगेच पाणी समितीवर माझी नेमणूक झाली. माळावर आखीव नवी पेठ वसवायची, सरळ रस्ते, कोपऱ्याकोपऱ्यावर नळ, असा बेत आपल्याकडे ठरला होता. सभेपुढे ठेवण्याआधी तो मुंबईच्या जाणत्या इंजिनिअरला दाखवून आणावा म्हणून मला धाडलं होतं. नकाशावर समितीची म्हणून माझी सही झालेली होती आणि खरं सांगायचं तर तिचा मला अभिमानही वाटत होता.

ट्रामने गिरगावात मामेबहिणीकडे, कुसुमकडे गेले. वाटेत भिंतीभिंतीवर गेरूने संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा लिहिलेल्या. कुसुम म्हणाली, "अगं, इथं हल्ली भाजी घ्यायला गेलं तरी सभा होते. चार दिवस आलीयस, तुझ्याही कानावर पडेलच."

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या कचेरीत गेले. करंदीकर नावाचे पाणी खात्यातले इंजिनिअर भेटले. त्यांनी आधी मला सभागृहाच्या सज्जात नेऊन बसवलं. खाली मराठी, गुजराती, इंग्रजी अशी तिन्ही भाषांत सभा चालली होती. शिवडीकडच्या गोदीकामगारांच्या एका नळासाठी एक सभासद उठून उभे राहिले ते अधिकाऱ्यांकडून तारीख वदवून घेईपर्यंत बसलेच नाहीत. एवढ्या अफाट शहराच्या सभेत एका नळाला एवढा वेळ मिळतो, हे पाहून मला फार बरं वाटलं. नंतर करंदीकरांनी शहराचे विभाग समजावून सांगितले. रस्ते, पाणी, सफाई, प्रत्येकाला त्या त्या विभागात कोणीतरी जबाबदार माणूस. दादरकडच्या आखीव वसाहतीत आधी रस्ते आणि बागांच्या जागा सोडल्या, घरं मागाहून आली, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

आपला नकाशा त्यांनी पट्टी लावून तपासला. "कागद चोख आहे," ते म्हणाले. "पण मी टेबलाशी बसणारा माणूस. परळला तांबे म्हणून आमचे चावीवाले आहेत (रस्त्याखालच्या मोठ्या नळांच्या झडपा उघडणारे). उद्या त्यांच्याबरोबर फिरा आणि नकाशा त्यांनाही दाखवा."

उजाडलं तर हरताळ! ट्राम नाही, बस नाही. कुसुम नको नको म्हणत असताना मी चालत निघाले. भायखळ्याच्या पुढे चपलेचा अंगठा तुटला. चांभाराची पेटीही बंद. लालबागला एका चाळीच्या पायरीवर धान्य निवडत बसलेल्या बाईंनी माझा लंगडा अवतार पाहिला आणि न मागता आपल्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. गिरण्यांचे भोंगे गप्प होते. धुरांड्यांतून धूर नव्हता, आणि आभाळ मला उगीचच उंच वाटलं.

तांबे ठरल्या जागी उभे होते. पन्नाशीचे, खाकी कपड्यांतले, हातात पुरुषभर उंचीची लोखंडी चावी.

"आज हरताळ ना?" मी विचारलं.

"गिरण्या बंद, ट्राम बंद. मीबी मोर्चाला जातो, बाई. पण नळ बंद ठेवून कुणाची जिरवायची? मोर्चातनं माणसं घरी येतील, त्यांना पाणी लागंलच की."

चावी खड्ड्यात बसवून ते तिला कान लावत आणि पाणी धावतंय की अडखळतंय ते ओळखत. काळाचौकीच्या उतारावरच्या चाळींची पिंपं भरली की झडप फिरवून चढावरच्यांना पाणी. मिनिटं त्यांच्या हातात मुरलेली होती.

दुपारी त्यांनी घरी नेलं. दहा बाय दहाची खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर. गेल्या वर्षीच त्यांनी दीक्षा घेतली होती. त्यांच्या बायकोने, सीताबाईंनी, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि थोडं थांबून विचारलं, "जेवशीला ना आमच्यात?"

त्या थांबण्यात काय होतं ते मला कळलं. मी म्हटलं, "भूक लागलीय, वाढा." कुळथाची पिठी (कुळथाच्या पिठाचं पातळ पिठलं) आणि भात. दोनदा मागून घेतला.

मग जमिनीवर नकाशा पसरला. तांब्यांचं बोट टाकीपासून निघालं, पेठेतून फिरलं आणि ओढ्याशी थांबलं.

"नळाची रेघ हितंच का थांबली?"

"पुढे कागद कोरा आहे ना."

"कागद कोरा आहे. पलीकडं कोण ऱ्हातं?"

पलीकडे कोण राहतं ते मला ठाऊक होतं. आपले झाडूवाले, आपली बौद्ध वस्ती. त्यांच्या मुली माझ्याच वर्गात बसतात. नकाशात त्यांचं एकही घर नव्हतं, आणि त्याखाली माझी सही होती. मी पुटपुटले, "पुढच्या टप्प्यात घेणार आहोत."

"आमच्या गावाला पुढचा टप्पा आज्यापासून चाललाय, बाई," तांबे म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. सीताबाई चुलीकडे तोंड फिरवून बसल्या.

मग मीच पेन्सिल पुढे केली. "तुम्ही दाखवा, कशी नेता येईल."

त्यांनी विचारून विचारून उतार समजून घेतला आणि रेघ ओढ्यापार नेली. "वस्ती खाली हाय, पाणी आपसूक जाईल. फक्त हितं झडप टाका, न्हायतर खालचेच सगळं पितील."

दुसऱ्या दिवशी कचेरीत करंदीकरांनी ती रेघ पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "मला वाटलं पलीकडे शेतंच आहेत!" नळ पुलाच्या कठड्याला धरून नेता येईल, असा शेरा त्यांनी आपल्या हाताने लिहून दिला.

इथं परतल्यावर सभेत काय झालं ते आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. पेन्सिलीची रेघ कोणाची, असं विचारलं गेलं. मुंबईच्या एका चावीवाल्याची, असं मी सांगताच काहीजण हसले. तेव्हा मी उठून कबूल केलं की पहिला, अपुरा नकाशा माझ्या सहीचा होता, आणि पलीकडे कोण राहतं हे माहीत असून मी त्यावर सही केली होती. ठराव दोन मतांच्या फरकाने मंजूर झाला.

यंदा ओढ्यापलीकडे नळ आले. मी तांब्यांना पत्र लिहून आभार मानले. त्यांचं कार्ड आलं: "पाणी आलं, बरं वाटलं. आता चढावरच्या लोकांना पुरतं का तेबी बघा. त्यांचीबी पिंपं भरली पाहिजेत."

शहर कसं चालवतात ते पाहायला मी गेले होते. ज्यांनी ते शिकवलं त्यांनी मला जेवूही घातलं. हे ऋण मानून हल्ली शाळेआधी मी नव्या पेठेतल्या सगळ्यांत उंचावरच्या नळाशी जाऊन उभी राहते, आणि शेवटची घागर भरली की मग शाळेची वाट धरते.